फुकटची अँटेना की पैशाची केबल? डब्ल्यूडब्ल्यूएफवाल्या कुस्तीच्या घरबदलांचा हिशेब

खोली नं. १४

डोंबिवलीच्या आमच्या चाळीत बावीस बिऱ्हाडं होती आणि १९९३-९४ साली केबल फक्त एका खोलीत. बाकीच्यांच्या अँटेना गच्चीवर, कावळे बसून वाकलेल्या. त्यामुळे पोरांचे दोन पक्ष पडले होते: ज्यांना त्या खोलीत शिरकाव होता ते, आणि दारातून चपलांच्या ढिगावर उभं राहून मान वाकडी करणारे. मी दुसऱ्या पक्षातला. मला अंडरटेकर हा पैलवान आधी कुस्तीच्या पत्त्यांत भेटला. रँक, उंची, वजन, छाती, दंड, लढती किती, जिंकल्या किती, हे सगळं तोंडपाठ, पण तो माणूस चालतो कसा ते मी वर्षभर पाहिलेलं नव्हतं. तो सात वेळा मरून परत आलाय अशी चाळीत पक्की खबर होती, आणि दूरदर्शनच्या बातम्यांत ते का सांगत नाहीत हा मला खरोखर पडलेला प्रश्न होता.

परवा भाच्याशी बोलताना हे आठवलं. तो म्हणाला, मामा, चॅनेल-बिनेल काय घेऊन बसलायस, 'रॉ' आता नेटफ्लिक्सवर असतं. असतं खरं, तो या कुस्तीचा सोमवारचा मुख्य कार्यक्रम. ६ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत आणि त्याच वर्षी एप्रिलपासून आपल्याकडे. पण त्याच्या आधीची सत्तर-पंचाहत्तर वर्षं ही कुस्ती फुकट वाहिनी आणि केबल यांच्यात बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरली आहे, आणि ती फिरती मला कुस्तीइतकीच मजेदार वाटते. म्हणून हा धागा.

ज्यांना अमेरिकेतला फरक माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एनबीसी, सीबीएस, एबीसी, नंतर आलेली फॉक्स या अँटेनावर दिसणाऱ्या वाहिन्या. बघणाऱ्याला फुकट. यूएसए, टीएनटी, टीबीएस या केबलच्या. महिन्याच्या बिलातून प्रत्येक घराचे थोडे थोडे पैसे वाहिनीला जातात, त्या घरात ती वाहिनी कुणी लावो न लावो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, सगळी गंमत त्यात आहे.

आता एकट्या 'स्मॅकडाउन'ची, म्हणजे या कुस्तीच्या दुसऱ्या साप्ताहिक कार्यक्रमाची, पत्त्यांची यादी बघा. १९९९ मध्ये यूपीएन, २००६ मध्ये सीडब्ल्यू, २००८ मध्ये मायनेटवर्कटीव्ही. हे तिन्ही अँटेनावाले. २०१० मध्ये सायफाय, २०१६ मध्ये यूएसए. या केबलवाल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये फॉक्स, म्हणजे पुन्हा अँटेना. सप्टेंबर २०२४ मध्ये परत यूएसए. पागडी संपलेल्या भाडेकरूनेही इतकी घरं बदलली नसतील.

आणि हा शेवटचा बदल तर उलट्या हिशेबाचा आहे. फॉक्सने पाच वर्षांचे सुमारे १०० कोटी डॉलर दिले होते आणि तिथे आठवड्याला साधारण बावीस लाख लोक बघत होते. यूएसएने पाच वर्षांचे सुमारे १४० कोटी मोजले, आणि तिथे गेल्यावर आकडा पंधरा लाखांच्या घरात आला. माणसं कमी झाली आणि पैसा वाढला.

माझ्या मते यात कोडं काही नाही. अँटेनावरची वाहिनी म्हणजे लग्नाचा मांडव. माणसं भरपूर येतात, फोटो छान निघतात, पण मांडवात कुणी संसार थाटत नाही. संसाराला खोली लागते, भले दहा बाय बाराची असो, आणि कुस्तीला ती खोली केबलने दिली. केबल कंपनीशी दर ठरवताना यूएसएला सांगता येतं की आमच्याकडे वर्षाच्या बावन्न आठवडे, सुट्टी न घेता, ताजी कुस्ती असते. आम्हाला काढलंत तर तुमचे इतके लाख गिऱ्हाईक फोन करून शिव्या देतील. त्या धमकीची किंमत १४० कोटी आहे. फॉक्सला अशी धमकी द्यायला अमेरिकन फुटबॉल आहेच, कुस्ती नसली तरी चालतं.

मांडव की खोली, मंडळी? बोला.

---

काडीबाज

पहिला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

शंकासुर

लेख आवडला, निष्कर्ष नाही.

पहिली गोष्ट, तुलना जरा सोयीची आहे. फॉक्सचा भाव २०१८ मध्ये ठरला, यूएसएचा २०२३ मध्ये. मधल्या काळात ताज्या खेळांचे हक्क सगळीकडेच महागले. तेव्हा ते जास्तीचे चाळीस कोटी सगळेच्या सगळे केबलच्या खात्यावर टाकू नका.

दुसरी आणि मोठी. खोली केबलने दिली म्हणता, पण खोलीत राहायला येणारा माणूस कुणी वाढवला? १९४९ ते १९५५ ड्युमाँट नावाचं नेटवर्क शिकागोच्या मॅरिगोल्ड अरीनामधून शनिवारी रात्री कुस्ती दाखवत होतं. तेव्हाच्या कॅमेऱ्यांना मैदान झेपत नसे. बेसबॉलचा चेंडू पडद्यावर दिसायचाच नाही. कुस्तीला एक चौकोन, वर दिवे आणि दोन माणसं पुरतात. गॉर्जस जॉर्ज हा कुरळे सोनेरी केस करून, झगा घालून, सेवकाकडून रिंगणात अत्तर फवारून घेणारा गडी त्या काळात टीव्हीच्या पहिल्या मोठ्या नावांपैकी एक होता. हे सगळं अँटेनावर.

ड्युमाँट बुडालं तरी कुस्ती अँटेनावरच राहिली, फक्त गावोगावच्या स्थानिक स्टेशनांवर. अमेरिकेचे तुकडे पाडून प्रत्येक प्रवर्तकाने आपापला मुलूख धरला होता. शनिवारी स्टेशनच्या स्टुडिओत तासाभराची कुस्ती, मोठ्या पैलवानासमोर कुणीतरी हरायला आणलेला, आणि मध्ये मध्ये माईक हातात घेऊन "येत्या शुक्रवारी तुमच्या गावात येतोय, बघतोच याला" अशी गर्जना. तो तास म्हणजे जाहिरात होती हो, तिकीट विकायची. स्टेशनाला स्वस्तात तासभर कार्यक्रम मिळायचा, प्रवर्तकाला दवंडी. त्या व्यवहारात कुणी कुणाचा भाडेकरू नव्हता.

आणि केबल म्हणून ज्याचा जयजयकार करताय ते टीबीएस मुळात काय होतं? अटलांटाचं सतरा नंबरचं स्थानिक अँटेना स्टेशन! टेड टर्नरने डिसेंबर १९७६ मध्ये ते उपग्रहावर चढवलं आणि देशभरच्या केबलवाल्यांनी खाली उतरवून घेतलं. शनिवारी संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांची जॉर्जियाची कुस्ती अटलांटात फुकट दिसायची आणि बाकी देशाला बिलात. मग तो मांडव म्हणायचा की खोली?

---

खोली नं. १४

शंकासुर, टीबीएसचा मुद्दा मान्य, लेखात यायला हवा होता. पण तोच मुद्दा माझ्या बाजूने फिरवतो. त्या सहा-पाचच्या वेळेची किंमत उपग्रहावर चढल्यावरच वाढली. इतकी, की डब्ल्यूडब्ल्यूएफचा (आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईचा) मालक विन्स मॅकमॅननं १९८४ मध्ये वेळ भाड्याने मागण्याऐवजी जॉर्जियावाली कंपनीच ताब्यात घेतली. १४ जुलै १९८४ ला दक्षिणेतल्या लोकांनी नेहमीप्रमाणे टीव्ही लावला तर आपल्या गावच्या पैलवानांऐवजी न्यूयॉर्कचा मॅकमॅन हसत उभा! त्या दिवसाला तिकडे अजून 'ब्लॅक सॅटरडे' म्हणतात. प्रेक्षकांनी टर्नरकडे तक्रारींचा पाऊस पाडला. शेवटी पुढच्या वर्षी मॅकमॅननं ती वेळ जिम क्रॉकेट या दुसऱ्या प्रवर्तकाला दहा लाख डॉलरना विकली असं सांगतात. नुसत्या वेळेला दहा लाख! याला आमच्याकडे पागडीच म्हणतात.

---

जर्सीत अडकलेला

हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटतंय.

१९९९ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीत आलो. एका खोलीत चार मराठी पोरं, एक आंध्रचा, आणि रस्त्यावर कुणीतरी टाकून दिलेला टीव्ही. केबलला महिना चाळीसएक डॉलर पडायचे, त्यात आमचा डाळ-तांदूळ आणि फोनकार्ड यायचं. म्हणून टीव्हीवर सशाच्या कानांसारखी दोन काड्यांची अँटेना. एक काडी खिडकीच्या गजाला लावली की नऊ नंबर स्वच्छ दिसायचा. नऊ नंबर म्हणजे आमच्या सिकॉकसचंच स्टेशन, यूपीएनचं. ऑगस्ट १९९९ मध्ये तिथे गुरुवारी रात्री आठ वाजता 'स्मॅकडाउन' सुरू झालं आणि आम्ही भारतातून तुटलेला धागा पुन्हा जोडला.

पण अर्धाच. सोमवारचं 'रॉ' केबलवर. म्हणजे गोष्टीचा पहिला भाग सोमवारी त्यांच्या घरी आणि दुसरा गुरुवारी आमच्या घरी. रॉक या पैलवानाला कुणी, का, कुठे फसवलं ते आम्ही मंगळवारी युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये वाचून घ्यायचो आणि गुरुवारी परिणाम बघायचो. धागाकर्त्याने चपलांच्या ढिगावरून बघितलं, मी काडीवरून. अमेरिकेत येऊन बढती काय मिळाली ते तुम्हीच ठरवा.

एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण त्या काळात यावरून आंतरजालावर रक्तपात व्हायचा. केबलचं रेटिंग आणि अँटेनावाल्या वाहिनीचं रेटिंग शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. केबलचं रेटिंग काढताना बहुतेक वेळा छेदात फक्त ती वाहिनी पोचते तेवढी घरं धरत. समजा एखादी केबल वाहिनी साडेसात कोटी घरांत आहे आणि रेटिंग ५ आलं (म्हणजे शंभरातली पाच घरं), तर साडेसात लाख गुणिले पाच, म्हणजे साडेसदतीस लाख घरं. अँटेनावाल्या वाहिनीचा छेद देशातली सगळी टीव्हीवाली घरं, तेव्हा साधारण दहा कोटी. तिथे ५ म्हणजे पन्नास लाख घरं. सोमवारच्या 'रॉ' विरुद्ध 'नायट्रो' (टर्नरच्या टीएनटीवरची प्रतिस्पर्धी कुस्ती) युद्धात यूएसए आणि टीएनटी दोघांची घरं साधारण सारखी होती म्हणून ती लढाई सरळ होती. 'रॉ'चा ५ आणि 'स्मॅकडाउन'चा ५ यांची कुस्ती लावणारे मात्र वजनी गट न बघता पैलवान सोडत होते.

आता मांडवाबद्दल. मांडवात माणसं जास्त येतात तशी भोचक माणसंही येतात. हवेतून येणाऱ्या वाहिन्यांवर एफसीसीचे (अमेरिकेच्या प्रसारण नियामकाचे) अश्लीलतेचे नियम लागू होतात, सकाळी सहा ते रात्री दहा. केबलला ते नाहीत. 'स्मॅकडाउन' बरोब्बर आठ ते दहा, म्हणजे सगळी त्याच वेळेत. पॅरेंट्स टेलिव्हिजन कौन्सिल नावाच्या संघटनेने 'स्मॅकडाउन'लाच धरलं, जाहिरातदारांच्या मागे लागले, कोका-कोला १९९९ च्या शेवटी बाहेर पडली. 'रॉ'वर याहून वाईट चाललेलं असायचं! पण ते बिल भरून चाललेलं. मॅकमॅननं मग दोन गोष्टी केल्या. कोर्टात खेचलं (२००२ मध्ये संघटनेने जाहीर माफी आणि ३५ लाख डॉलर दिले), आणि रिंगणात पांढरे शर्ट-टाय घातलेल्या, सगळ्यांना सभ्यता शिकवत फिरणाऱ्या पैलवानांची टोळी उतरवली. प्रेक्षक त्यांना मनसोक्त शिव्या द्यायचे. भांडण पण विकून खाल्लं त्याने.

---

काडीबाज

म्हणजे काडीवर तुम्हीही होतात. माझं नाव का चोरता.

---

जर्सीत अडकलेला

@काडीबाज :) तुमची काडी वेगळ्या कामाची.

राहिलं ते सांगतो. मांडव भाड्याचा असतो याचा सगळ्यात चोख पुरावा २५ ऑक्टोबर २०१९. फॉक्सवर 'स्मॅकडाउन' येऊन तीन आठवडे झाले होते. पहिल्या रात्री ३९ लाखांच्या आसपास, नंतर वीस लाखांच्या वर स्थिरावत होतं. त्या शुक्रवारी फॉक्सवर बेसबॉलची वर्ल्ड सिरीज. कुस्तीला सांगितलं, आज तुम्ही एफएस-वन वर जा, म्हणजे त्यांचीच केबलवरची खेळवाहिनी. आकडा आला ८ लाख ८८ हजार. तेच पैलवान, तीच वेळ, तोच देश. फक्त दार बदललं.

---

शंकासुर

हा पुरावा माझ्या बाजूचा आहे, जर्सीकर! दार बदललं आणि निम्म्याहून जास्त माणसं गळाली, म्हणजे ती माणसं कुस्तीची नव्हती, दाराची होती. फुकट दाराची ताकद हीच.

आणि केबलच्या खोलीत काय, हाकलत नाहीत? यूएसएवर 'रॉ' चालू असताना दर फेब्रुवारीत एक सोमवार वेस्टमिन्स्टरच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनाला द्यावा लागे. अंडरटेकर, ब्रेट हार्ट, सगळे बाजूला, आणि पडद्यावर पूडल तुरुतुरु चालतंय! ४ सप्टेंबर १९९५ ला 'नायट्रो'चा पहिला भाग टीएनटीवर आला त्या रात्रीही 'रॉ' नव्हतं, यूएसए टेनिस दाखवत होतं. शत्रूला पहिल्या रात्री मोकळं मैदान मिळालं ते घरमालकाच्या कृपेने.

तुमच्या खोलीची खरी गोष्ट मात्र डब्ल्यूसीडब्ल्यूची, म्हणजे 'नायट्रो'वाल्या कंपनीची. ती केबलवर भाड्याने नव्हती, घरजावई होती. १९८८ मध्ये टर्नरने क्रॉकेटची कंपनीच विकत घेतली, वाहिनी त्याची, कुस्ती त्याची. सलग ८३ आठवडे 'रॉ'ला हरवलं. पुढे टर्नरचं साम्राज्य आधी टाइम वॉर्नरमध्ये, मग एओएलमध्ये विरघळलं. २००१ च्या मार्चमध्ये वाहिन्यांच्या नव्या प्रमुखाने, जेमी केलनरने, ठरवलं की आमच्या वाहिन्यांवर कुस्ती नको. संपलं. कंपनी विकत घ्यायला गिऱ्हाईक तयार होतं, पण वेळ नाही तर कंपनीत घेण्यासारखं उरलं काय? मॅकमॅनला ती किरकोळीत मिळाली. २६ मार्चला शेवटचा 'नायट्रो', त्यात मॅकमॅन स्वतः पडद्यावर. सासऱ्याने एका सकाळी ट्रंक बाहेर ठेवली की घरजावयाने जायचं कुठे?

---

खोली नं. १४

केलनरचा मुद्दा जिव्हारी लागला. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कुत्र्यांवर आहे. वर्षातून एक सोमवार कुत्र्यांना देऊन बाकीचे एकावन्न मिळत असतील तर मी पूडलला हार घालीन. एनबीसीने १९८५ पासून 'सॅटरडे नाइट्स मेन इव्हेंट' दिला तो कसा? सॅटरडे नाइट लाइव्ह या त्यांच्या नेहमीच्या कार्यक्रमाला सुट्टी असेल त्या शनिवारी, वर्षातून मोजून काही वेळा. ५ फेब्रुवारी १९८८ ला हल्क होगन विरुद्ध आंद्रे एनबीसीवर ३ कोटी ३० लाख लोकांनी बघितली, अमेरिकेत कुस्तीला टीव्हीवर तेवढे प्रेक्षक पुन्हा कधी मिळाले नाहीत. पंचाचा जुळा भाऊ आणून पट्टा चोरला ती. पण दुसऱ्या आठवड्यापासून पुढची गोष्ट कुठे सांगितली? गावोगावच्या स्टेशनांवर आणि केबलवर. एनबीसीने एवढी गर्दी बघूनही रोजचं पान वाढलं नाही. १९९१ च्या वसंतात तर तो कार्यक्रमही सोडला.

---

लेस्टरची काकू

मी या धाग्यावर यावं हे माझ्या मुलाला पटणार नाही, पण मला यातलं कळतं.

लग्न होऊन १९७६ मध्ये इथे इंग्लंडला आले. इंग्रजी शाळेपुरतं. शनिवारी दुपारी चार वाजता आमच्याकडे आयटीव्ही वाहिनी लागायची, त्यावर वर्ल्ड ऑफ स्पोर्ट हा कार्यक्रम. फुटबॉलचे निकाल सांगायच्या आधी कुस्ती. आमचे हे पूल्सचा, म्हणजे निकालांवरच्या पैजेचा, कागद घेऊन निकालांची वाट बघायचे आणि शेजारच्या इंग्रज आजी फक्त कुस्तीसाठी यायच्या. तिसऱ्या पायरीवर गुडघा धरून थांबणाऱ्या त्या बाई, पण बिग डॅडीने पोट पुढे काढून समोरच्याला उडवलं की उठून उभ्या राहायच्या आणि हातातल्या सुया दाखवून जायंट हेस्टॅक्सला धमकावायच्या. त्यांच्याकडून मी पहिल्या इंग्रजी शिव्या शिकले. केंडो नागासाकीने १९७७ मध्ये टीव्हीवर मुखवटा उतरवला तेव्हा त्या रडल्या होत्या, अगदी डोळे पुसून.

ते सगळं फुकट वाहिनीवर होतं. तेव्हा इथे मोजून तीन वाहिन्या, म्हणजे त्या आजी, मी, कारखान्यातले लोक, सगळे एकच बघत होतो. १९८८ च्या शेवटी आयटीव्हीने कुस्ती बंद केली. वरच्या मंडळींना ती जुनाट, म्हाताऱ्या-कोताऱ्यांची वाटत होती, जाहिरातदारांना तरुण हवे होते. पुढच्याच वर्षी छपरांवर डिश लागायला सुरुवात झाली, आणि डिशवाल्या स्कायवर अमेरिकन कुस्ती आली. माझा मुलगा त्यातलाच. १९९२ च्या ऑगस्टमध्ये वेम्बली स्टेडियम भरलं, ब्रेट हार्ट विरुद्ध आपला, म्हणजे इंग्लंडचा, डेव्ही बॉय स्मिथ. डिश असलेली घरं तेव्हा थोडीच होती, तरी स्टेडियम भरलं. तेव्हा भाऊ, तुमचं म्हणणं खरं असेल. पण आजींकडे डिश नव्हती. त्यांना कुणी विचारलं नाही.

---

शंकासुर

काकू, दंडवत. सुयांसाठी वेगळा.

जपानचंही तुमच्यासारखंच. १९५४ च्या फेब्रुवारीत रिकिदोझान आणि किमुरा विरुद्ध कॅनडाचे शार्प बंधू. घरात टीव्ही घेण्याची ऐपत फार थोड्यांची, म्हणून निप्पॉन टीव्हीने चौकाचौकांत उंचावर संच बसवले होते. टोकियोत शिंबाशी स्टेशनसमोर हजारोंची गर्दी. युद्ध हरून नऊ वर्षं झालेली, आणि चौकातल्या काचेत एक माणूस कराटेच्या फटक्याने गोऱ्यांना लोळवतोय. रिकिदोझान मूळचा कोरियन होता, ते तेव्हा कुणाला सांगत नसत. पुढे दोन मोठ्या कंपन्यांच्या कुस्त्या अँटेनावर अगदी मोक्याच्या वेळी असायच्या, आणि हळूहळू त्या मध्यरात्रीपलीकडे सरकल्या. तिथे कुणी हाकललं नाही, फक्त झोपेच्या वेळी जेवायला वाढलं.

---

केबल नाना

मी इचलकरंजीत १९९४ पासून केबल चालवली. आता मुलगा ब्रॉडबँड बघतो. भावा, तुमची अमेरिका राहू दे, आमच्या गावचं ऐका.

आमच्याकडं अँटेना आणि केबल असला वाद नव्हताच. माझ्या आठवणीत दूरदर्शनला ही कुस्ती नव्हती, म्हणजे फुकटचं दार मुळातच बंद. आमच्या लोकांनी दूरदर्शनवर बघितलेला व्यावसायिक कुस्तीगीर एकच, दारासिंग, आणि तोही हनुमान होऊन! खरा वाद केबलच्या आतला. जुने टीव्ही होते त्यात खालचे दहा-बारा नंबर लख्ख लागायचे, तो प्राइम बँड. त्याच्यावरचे नंबर जुन्या संचात नुसत्या मुंग्या. म्हणून सगळ्या चॅनेलवाल्यांना खालचा नंबर पाहिजे, आणि त्यासाठी ते मोठ्या कंट्रोल रूमवाल्यांना पैसे मोजायचे. अमेरिकेत केबलवाला चॅनेलला पैसे देतो म्हणता, हितं उलटं पण चालायचं.

२००२ मध्ये टेन स्पोर्ट्स आलं. त्याच वर्षी फुटबॉलचा वर्ल्डकप त्यांच्याकडं होता, म्हणून घेतलं. वर्ल्डकप महिन्यात संपला, मी चॅनेल उचलून वर मुंग्यांत टाकलं आणि त्या जागी एक भक्तीचं लावलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटली आणि माझ्या दुकानासमोर पन्नासएक पोरं दप्तरासकट उभी. "नाना, डब्ल्यूडब्ल्यूई खाली आणा." क्रिकेटसाठी बाप्ये भांडायला येतात, सिरियलसाठी बायका फोन करतात, पण पोरांचा मोर्चा मी तेवढाच बघितला. आणलं खाली. भक्तीवाल्यांना सांगितलं, देव कुठंबी दिसतो.

कार्यक्रम पण शिळा असायचा, अमेरिकेत होऊन काही दिवस झाल्यावर हिकडं. पोरांना त्याचं काही नव्हतं.

---

औंधकर

नाना __/\__ "देव कुठंबी दिसतो" ची वाचनखूण साठवली.

आपल्याकडे वाद वेगळा होता हे बरोबर, पण एकदा सरळ प्रयोग झाला आणि तोही पुण्यात. 'रिंग का किंग'. डिसेंबर २०११ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात चित्रीकरण, २०१२ च्या जानेवारीपासून कलर्सवर शनिवार-रविवार. मागे अमेरिकेतली टीएनए कंपनी, जेफ जॅरेट स्वतः हजर, चेहरा म्हणून हरभजन सिंग. मी एका रात्री गेलो होतो. एकाच बैठकीत अनेक भागांचं काम उरकत होते, त्यामुळे शेवटी शेवटी टाळ्या वाजवून हात भरून आले आणि शेजारचा कॉलेजकुमार खुर्चीतच झोपला. तो झोपलेला टीव्हीवर दिसू नये म्हणून त्याला हलवून उठवायला एक माणूस आला.

यात महत्त्वाचं काय, तर कार्यक्रम खेळवाहिनीवर नव्हता. सासू-सुनांच्या वाहिनीवर होता, म्हणजे घरातला मुख्य रिमोट ज्यांच्या हातात असतो त्यांच्यासमोर ठेवला होता. भारतातला मांडव म्हणजे हीच मनोरंजन वाहिनी, आणि खोली म्हणजे खेळवाहिनी. सव्वीस भाग झाले, पुढचा हंगाम आला नाही. मला विचाराल तर आमच्या घरी आई म्हणाली होती, "बरं आहे, पण यांची रोजची गोष्ट कधी लावतात?" कुस्ती ही रोजच्या गोष्टीची वस्तू आहे. मोसमापुरती आणली की रुजत नाही.

---

खोली नं. १४

औंधकर, आईंना माझा नमस्कार. "रोजची गोष्ट" हेच मला लेखात नीट म्हणता आलं नव्हतं.

शंकासुरांचं एक मात्र मान्य करून टाकतो: मांडव नसेल तर नवीन माणूस येत नाही. आणि मांडवाचंही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'एनएक्सटी' हा डब्ल्यूडब्ल्यूईचा तिसरा कार्यक्रम यूएसएवरून सीडब्ल्यूवर गेला, केबलवरून अँटेनावर. पंचवीस वर्षांपूर्वी अशा उडीने आकडा दुप्पट व्हावा अशी अपेक्षा केली असती. पहिल्या रात्री नऊ लाखांच्या आसपास आला, आधीच्या सहा-सात लाखांवरून. बरा म्हणायचा इतकाच. ज्यांच्या घरात केबल नाही त्यांच्या घरात आता अँटेनाही नाही, त्यांच्या घरात वायफाय आहे.

नाना, तुमच्याकडे आता काय परिस्थिती? टेन स्पोर्ट्स सोनीकडे गेलं, मग २०१९ मध्ये दर ठरवायची नवी पद्धत आली, आता सोनीवरही ही कुस्ती नाही.

---

केबल नाना

२०१९ ला ट्रायचा (केबलचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम आला, प्रत्येकानं आपापले चॅनेल निवडून कागद भरून द्यायचा. तेव्हा कळलं कोण काय बघतो. कुस्तीचं सोनी टेन एकोणीस रुपयाला होतं. मला वाटलं पोरंच घेतील.

आमच्या गल्लीत एक वस्ताद आहेत, तालमीतले, ऐंशीला टेकले, गुडघे गेलेत. मातीतला माणूस. ही अमेरिकन कुस्ती लागली की पहिल्या मिनिटापासून शिव्या. "ही काय कुस्ती हाय? दोरीवर काय उडतोय, माकड हाय काय?" त्यांच्या कागदावर तीन चॅनेल होते. सह्याद्री तर फुकटच, एक बातम्यांचा, आणि सोनी टेन. मी म्हटलं, वस्ताद, ह्यो कशाला? म्हणाले, "शिव्या घालायला नको काय?" मंगळवारी सकाळी अमेरिकेतून ताजं लागायचं तेव्हा चहा पण टीव्हीसमोर.

२०२५ च्या एप्रिलला पहिल्या मंगळवारी सकाळी फोन. "नाना, त्या सोंगाड्यांचा चॅनेल बंद केलास?" मी सांगितलं, वस्ताद, मी नाही केला, ते नेटफ्लिक्सला गेले. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं. कितव्या नंबरला लागतंय ते?"

---

खोली नं. १४

काय सांगितलंत मग?

---

केबल नाना

काय सांगणार. नातवाच्या मोबाईलवर घेऊन टीव्हीला जोडून दिलं. चाललं दोन महिने. जूनमध्ये नातू कॉलेजला पुण्याला गेला, मोबाईल त्याच्याबरोबर गेला. आता मंगळवारी सकाळी वस्ताद दुकानात येऊन बसतात, माझ्या मुलाच्या कॉम्प्युटरवर बघतात. शिव्या हितं घालतात. गिऱ्हाईक बाहेर उभं असतं.